धावण्याच्या घड्याळाची थकलेली बॅटरी घरी बदलली : अनुभव, एक फजिती आणि काही प्रश्न

रालामंडळची चढण :

नमस्कार मंडळी. माझ्या धावण्याच्या घड्याळाला यंदा सहावे वर्ष लागले. नवे होते तेव्हा जीपीएस चालू ठेवूनही ते वीस तासांच्या आसपास टिकत असे; या फेब्रुवारीपासून मात्र ते अडीच-तीन तासांतच मान टाकू लागले. एका रविवारी पहाटे इथे इंदूरला रेसिडेन्सीतून रालामंडळच्या टेकडीपर्यंत जाऊन परतताना सतराव्या किलोमीटरला ते बंद पडले, आणि बंद पडण्याच्या क्षणी त्यावर ३१ टक्के चार्ज दिसत होता. घरी येऊन चहा होईपर्यंत ते तसेच ठेवले आणि मग कळ दाबली, तर ते निमूटपणे सुरू झाले आणि २८ टक्के दाखवू लागले. बॅटरी संपणे वेगळे आणि बॅटरी थकणे वेगळे, हे मला तेव्हा उमगले.

घड्याळ उघडण्याआधी मी तीन आठवडे केवळ कारण शोधण्यात घालवले, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. मागच्या बाजूच्या चार्जिंगच्या टिकल्यांवर घामाच्या मिठाचा हिरवट थर चढला होता. तो जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला. पडदा सदैव उजळ ठेवण्याची सोय, रात्रभर रक्तातील ऑक्सिजन मोजणे, एकाच वेळी अनेक उपग्रहमालिकांचे संकेत घेणे आणि फोनवरच्या सूचना मनगटावर आणणे ही सगळी खर्चिक कामे बंद केली. त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, बरोबर एक तास धावून किती टक्के खर्च होतात ते चार वेळा लिहून ठेवले. पूर्वीच्या हिशेबाने तासाला पाच टक्के जायला हवे होते, प्रत्यक्षात तीसच्या वर जात होते. आमच्या गटातल्या दोघांनी मात्र एवढे करूनच आपली घड्याळे वाचवली, कारण त्यांच्याकडे दोष बॅटरीत नव्हताच. एकाच्या टिकल्या मळलेल्या होत्या आणि दुसऱ्याने रात्रीची ऑक्सिजन मोजणी नकळत सुरू करून ठेवली होती.

सेवा केंद्रात चौकशी केली तेव्हा बॅटरी बदलून मिळत नाही, जुने घड्याळ जमा करून ठरावीक रक्कम भरल्यास दुसरे दिले जाते, असे उत्तर मिळाले. ती रक्कम नव्या घड्याळाच्या निम्म्याहून अधिक होती, त्यामुळे मी स्वतःच हात घालायचे ठरवले.

माझ्या घड्याळाचे मागचे झाकण चार स्क्रूंनी बसवलेले आहे. हे स्क्रू टॉर्क्स जातीचे, टी-५ मापाचे, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे असतात. त्यांत चष्म्याचा साधा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर केला की खाच गोल होते आणि पुढचे सगळेच अवघड होऊन बसते. काम सुरू करण्यापूर्वी चार्ज मुद्दाम वीस टक्क्यांपर्यंत उतरू दिला, कारण चुकून काही टेकलेच तर सेलमध्ये ऊर्जा जितकी कमी तितके बरे. पुठ्ठ्यावर घड्याळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवला. ज्यांच्या घड्याळात मागे स्क्रू नाहीत आणि पुढची काच गोंदाने चिकटवलेली आहे, त्यांचा मार्ग याहून बराच खडतर असतो. तिथे हेअर ड्रायरची ऊब देऊन गोंद मऊ करावा लागतो आणि काचेखालचा पडदा तडकण्याची भीती शेवटपर्यंत राहते.

स्क्रू निघाल्यावर झाकण ओढून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. झाकणाच्या आतल्या अंगाला हृदयगती मोजणारे हिरवे दिवे बसवलेले असतात आणि तिथून एक कागदासारखी पातळ फीत मुख्य पट्टीकडे जाते. माझ्या घड्याळात ती जेमतेम दीड सेंटिमीटर लांब होती. झाकण पुस्तकाच्या पानासारखे एका बाजूने उघडावे, प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने आधी बॅटरीचा जोड उचलावा आणि मगच बाकीच्या फितींना हात लावावा. सेल खाली दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसलेला होता. कडेने अल्कोहोलचे दोन थेंब सोडले, पाच मिनिटे थांबलो आणि दात साफ करायचा दोरा त्याखालून करवतीसारखा हळूहळू सरकवला. लोखंडी पाते तिथे अजिबात वापरू नये, कारण या सेलचे आवरण म्हणजे अॅल्युमिनिअमचा थर असलेली पातळ पिशवीच असते.

नवी बॅटरी बसवून आता दोन महिने झाले. घड्याळ जीपीएससह सतरा तास टिकते. पाणीरोधकता आणि उंची मोजणे या दोन बाबतींत मात्र माझे प्रश्न शिल्लक आहेत.

सुदामानगरकर :

दादा, फार उपयुक्त लिहिलेत. नवी बॅटरी आपण कोठून आणली आणि ती आपल्याच घड्याळाची आहे हे ओळखले कसे, हे कृपया सविस्तर सांगावे. माझ्या सेलवर कंपनीचे नाव नाही, केवळ सहा आकडे छापलेले आहेत.

रालामंडळची चढण :

ते सहा आकडे म्हणजेच सेलचे माप आहे. माझ्या सेलवर ४०२०३० असे छापलेले होते. पहिले दोन आकडे जाडीचे, म्हणजे ४.० मिलिमीटर, मधले दोन रुंदीचे, २० मिलिमीटर, शेवटचे दोन लांबीचे, ३० मिलिमीटर. त्याखाली ३.७ व्होल्ट आणि २०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचे माप) लिहिलेले होते. तीन तारा होत्या : तांबडी, काळी आणि पिवळी.

हा तपशील कागदावर उतरवून जेल रोडच्या मोबाइल बाजारात गेलो. तिसऱ्या दुकानात त्याच मापाचा सेल मिळाला, पण त्यावर ३५० एमएएच छापले होते. मी विचारले की एवढ्याच आकारात पावणेदोनपट शक्ती कशी मावली, तर दुकानदार हसून म्हणाला, "भिया, वो तो छापने वाले ने छाप दिया, आप तो साइज देखो." त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, सेल मात्र घेतला नाही. पुढे ऑनलाइन मागवला. त्यावर २०० एमएएच असेच लिहिलेले होते, निर्मितीचा महिना होता आणि तीन तारा होत्या. किंमत साडेचारशे रुपये पडली. यायला मात्र सोळा दिवस लागले.

राजेंद्रनगर लोकल :

सोळा दिवसांचे कारण सांगतो, कारण माझा संबंध मालवाहतुकीशी येतो. सुटे लिथिअम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर बंदी आहे. ते मालवाहू विमानाने, जहाजाने किंवा रस्त्याने यावे लागतात. यंत्रात बसवलेल्या बॅटरीला वेगळा नियम लागतो, म्हणून नवे घड्याळ दोन दिवसांत दारात येते आणि त्याची सुटी बॅटरी पंधरा दिवस वाट पाहायला लावते.

जुना ओहम :

मी चाळीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, त्यामुळे थोडे लांबण लागेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

३१ टक्क्यांवर घड्याळ का बंद पडले, हे आधी पाहू. लिथिअम-आयन सेलच्या ऋण पट्टीवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर जमू लागतो. तो थर आवश्यकही असतो, पण वर्षानुवर्षे तो जाड होत जातो, त्यात थोडे थोडे लिथिअम कायमचे अडकते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे, परंतु नळीत गाळ बसला आहे, अशी ही अवस्था असते. एक नळ सोडला तर धार येते. तीन नळ एकदम सोडले की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. घड्याळात जीपीएस, हृदयगतीचे दिवे आणि पडद्याचा उजेड एकाच वेळी लागले की व्होल्टेज क्षणभर इतके खाली जाते की घड्याळ स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. भार निघाला की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि २८ टक्के दिसू लागतात. हा थर उष्णतेने आणि कायम शंभर टक्के चार्ज ठेवल्याने अधिक वेगाने वाढतो. मे महिन्यात उन्हात लावलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरणे म्हणजे त्याच्या आयुष्यातून काही महिने वजा करणे होय.

आता खरेदीविषयी. मापाइतकेच महत्त्व व्होल्टेजला द्यावे. सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेले असेल तर तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. काही घड्याळांत ३.८ व्होल्टचे सेल असतात आणि ते ४.३५ व्होल्टपर्यंत भरले जातात. अशा घड्याळात ३.७ व्होल्टचा सेल बसवला, तर घड्याळ त्याला ४.३५ पर्यंत चढवण्याचा प्रयत्न करील, आणि मग सेल व अपघात यांच्यामध्ये उभी असेल ती केवळ सेलच्या डोक्यावरची नखाएवढी संरक्षक पट्टी. उलट केले, म्हणजे ४.२ वर थांबणाऱ्या घड्याळात ४.३५ चा सेल घातला, तर धोका नाही. तो थोडा अर्धपोटी राहील इतकेच.

तांबडी तार धन आणि काळी ऋण असा संकेत असला, तरी जोडातल्या खाचांचा क्रम दोन कारखान्यांत उलटा असू शकतो. जोड बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने जुन्या आणि नव्या दोन्ही सेलची दिशा तपासावी. तिसरी तार बहुधा थर्मिस्टरची असते. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक. घड्याळांत तो पुष्कळदा २५ अंशांना १० किलोओहम रोधाचा असतो. घड्याळ त्यावरूनच ठरवते की आत्ता चार्ज घ्यायचा की थांबायचे.

तार काडी सोल्डर :

ओहम सर, दोन तारांचाच सेल मिळाला तर पिवळ्या तारेच्या जागी १० किलोओहमचा साधा रोध सोल्डर करून टाकावा, घड्याळ फसते आणि चार्जिंग सुरू होते. मी दोन घड्याळांत असे केले आहे आणि दोन्ही व्यवस्थित चालत आहेत.

जुना ओहम :

घड्याळ फसते, हे आपले म्हणणे खरे आहे. त्यानंतर बाहेर पंचेचाळीस अंश असोत की पाच, त्याला कायम पंचवीसच दिसणार. ज्या वस्तूचा पाठीकडचा भाग माणसाच्या कातडीला चिकटून असतो, त्या वस्तूचे तापमान ओळखणारे अंगच बंद करून ठेवणे मला मान्य नाही. तीन तारांचा सेल येईपर्यंत पंधरा दिवस थांबण्यात काय बिघडते? आपली दोन घड्याळे उत्तम चालोत. परंतु ती उशाशी ठेवून चार्ज करू नका, एवढी विनंती.

तार काडी सोल्डर :

सर, उशाशी ठेवत नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो. पण मुद्दा पटला. आणखी एक विचारतो. नवा सेल घड्याळात घालण्याआधी बाहेरच एकदा भरून पाहावा म्हणून बाजारात मिळणारी ती वीस-तीस रुपयांची निळी चार्जिंग पट्टी वापरावी का? तिच्यावर टीपी-४०५६ ही चिप असते.

जुना ओहम :

जशीच्या तशी वापरू नये. त्या पट्ट्या बहुधा १.२ किलोओहमचा रोध लावून येतात आणि तेव्हा ती चिप १ अँपिअरपर्यंत प्रवाह देते. मोठ्या सेलला तो चालतो. आपल्या २०० एमएएचच्या सेलला तो त्याच्या क्षमतेच्या पाचपट होतो. तोच रोध काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो, आणि तो चालण्यासारखा आहे. एवढी खटपट नको असेल तर नवा सेल सरळ घड्याळातच भरावा, घड्याळाला आपल्या सेलचे प्रमाण ठाऊक असते.

आणि ज्यांना तारा सोल्डर कराव्या लागतील त्यांनी जुन्या सेलच्या दोन्ही तारा एकाच वेळी कात्रीत धरू नयेत. कात्रीचे पाते हा उत्तम वाहक आहे. एक तार कापून तिला चिकटपट्टी लावावी आणि मगच दुसरीकडे वळावे. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी विद्यार्थी हे प्रात्यक्षिक न सांगता करून दाखवत असे.

पोहणारी मावशी :

माझा प्रश्न पाण्याचा आहे. माझ्या घड्याळावर ५० मीटर असे कोरलेले आहे आणि मी आठवड्यातून चार दिवस तलावात पोहते. बॅटरी घरी बदलल्यावर पोहता येईल का, याचे स्पष्ट उत्तर कोणी द्यावे.

रालामंडळची चढण :

ताई, माझ्यापुरते उत्तर नाही असे आहे. बॅटरी बदलणे हे अर्ध्या तासाचे काम निघाले. उघडलेले घड्याळ पुन्हा जसेच्या तसे बंद करणे हेच खरे काम आहे, हे मला उशिरा समजले. ५० मीटर हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार, म्हणून ५० मीटर म्हणजे पाच बार. कारखान्यात घड्याळ बंद करून या दाबाला तपासतात. आपण घरी झाकण बसवले की तो कोरलेला आकडा आपल्यापुरता पुसला गेला असे धरून चालावे.

राजवाड्याजवळ एक वृद्ध घड्याळजी आहेत, आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. स्मार्टवॉच ते उघडत नाहीत, परंतु झाकण कसे बसवावे हे त्यांनी मला समोर बसवून दाखवले. त्यांच्याकडे एक चपटी डबी होती, तिच्या दोन्ही अंगांना सिलिकॉन ग्रीसमध्ये भिजलेला स्पंज होता. झाकणाखाली पाणी अडवण्यासाठी बसवलेले रबरी कडे काढून त्यांनी ते दोन स्पंजांच्या मध्ये ठेवले, डबी बंद करून हलकेच फिरवली आणि कडे बाहेर काढले तेव्हा त्यावर ग्रीस दिसतसुद्धा नव्हते, नुसती चकाकी होती. मी घरी बोटाने ग्रीस थापले होते हे त्यांना सांगायचे धैर्य मला झाले नाही. मग त्यांनी भिंग लावून खाचेत अडकलेला एक सुती धागा चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "पाण्याला एवढी वाट पुष्कळ झाली."

कडे चपटे झाले असेल किंवा त्यावर चिरा असतील, तर ते पुन्हा वापरू नये. व्हॅसलीन लावू नये. पेट्रोलिअमपासून बनलेले पदार्थ काही जातींच्या रबराला फुगवतात. स्क्रू समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे झाकण एका बाजूला कलत नाही. एवढे सगळे करूनही मी हे घड्याळ घाम, पाऊस आणि हात धुणे यांपलीकडे नेत नाही.

पोहणारी मावशी :

घाम आणि पाऊस तरी आत जात नाहीत, हे आपण कसे पडताळले?

रालामंडळची चढण :

घड्याळजींनीच सांगितलेल्या जुन्या पद्धतीने. घड्याळ तासभर वाटीभर पाण्यात ठेवून पुसले, मग गरम पाण्याच्या पिशवीवर टॉवेलाची घडी टाकून त्यावर ते पंधरा-वीस मिनिटे ठेवले. हाताला चांगले उबदार लागू द्यावे, परंतु पंचेचाळीस अंशांच्या पुढे नेऊ नये. त्यानंतर काचेवर साध्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवून मिनिटभर थांबलो आणि तो टिपला. आत ओल असेल तर थेंबाने गार झालेल्या जागी काचेच्या आतल्या अंगाला धुके धरते. माझ्या काचेवर काही आले नाही.

एका पायावर :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे घड्याळ घेणे सोपे नाही का? सहा वर्षे म्हणजे पुष्कळ झाली.

रालामंडळची चढण :

सोपे आहे. परंतु घड्याळाचे बाकीचे सगळे भाग ठणठणीत आहेत आणि साडेचारशे रुपयांत ते आणखी तीन वर्षे चालले, तर मला नव्याची गरज वाटत नाही.

आता फजिती सांगतो. झाकण बसवताना मला रबरी कड्याचा पुरेसा भरवसा वाटला नाही, म्हणून मोबाइलच्या काचा चिकटवायला वापरतात तो बी-७००० गोंद मी झाकणाच्या कडेने बाहेरून फिरवला. दिसायला काम सुबक झाले. पुढच्या रविवारी रालामंडळच्या चढणीला लागलो, तेव्हा वर चढत असताना घड्याळ मला खाली उतरवत होते. पायथ्याशी त्यावर ५७० मीटर होते. अर्ध्या चढावर ४९०, आणि मी धापा टाकत माथ्याजवळ पोहोचलो तेव्हा साडेचारशेच्या आत. इंदूर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, म्हणजे घड्याळाच्या मते मी टेकडीच्या पोटात शिरलो होतो. घरी येऊन भिंगातून पाहिले तर झाकणाशेजारचे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र गोंदाने बुजलेले आढळले.

जुना ओहम :

छान उदाहरण मिळाले. ते छिद्र वायुभारमापकाचे आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आपल्या पातळीवर सुमारे नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल या प्रमाणात, आणि घड्याळ त्यावरून उंची काढते. आपण छिद्र बुजवल्यामुळे थोडी हवा आत कोंडली गेली. धावताना मनगट तापले, तशी ती हवाही तापली. कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि वाढलेला दाब म्हणजे कमी उंची, असा अर्थ घड्याळाने लावला. पाच अंशांनी तापमान वाढले तर दाब सुमारे १६ हेक्टोपास्कलने वाढतो, म्हणजे उंचीत १४० मीटरची उतरण. आपल्या आकड्यांशी हे बऱ्यापैकी जुळते. आपण एका खर्चात उंचीमापकाचा तापमापक केला.

छिद्र सुईने टोचू नका. आत पाणी अडवणारा नाजूक पडदा असतो.

रालामंडळची चढण :

सुई हातात घेतली होती, सर. आपला प्रतिसाद वाचून खाली ठेवली. अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून गोंदावर दहा मिनिटे ठेवला आणि लाकडी दातकोरणीने गोंदाचे पापुद्रे कडेकडेने सोलले. चार वेळा असे केल्यावर छिद्र मोकळे झाले. काल राजवाड्यासमोर उभा राहिलो तेव्हा घड्याळाने ५५२ मीटर दाखवले. बाहेरचा सगळा गोंद काढून टाकला आहे आणि आता केवळ रबरी कड्यावर विसंबलो आहे.

किरमिजी :

माझ्या घड्याळाची काच गेल्या आठवड्यापासून एका बाजूने वर उचललेली दिसते, मधून नख जाईल इतकी फट आहे. बॅटरी अजून दोन दिवस चालते, म्हणून दुर्लक्ष केले होते. काच दाबून चिकटपट्टी लावली तर चालेल का?

जुना ओहम :

मुळीच नाही. ताई, घड्याळ आत्ताच मनगटावरून उतरवा आणि चार्जरपासून दूर ठेवा. सेलमध्ये वायू होऊन तो फुगला आहे आणि आतून काचेला ढकलत आहे, अशी दाट शक्यता आहे. काच दाबणे म्हणजे फुगलेल्या पिशवीवर भार देणे. हेअर ड्रायर लावून उघडण्याची कृती वर आली आहे, ती आपल्यासाठी नाही. फुगलेल्या सेलला ऊब देऊ नये, वाकवू नये, आणि टोचून वायू काढण्याचा विचारही करू नये. घड्याळ मातीच्या कुंडीत किंवा वाळू घातलेल्या पातेल्यात, गॅलरीत सावलीला ठेवा आणि असे सेल हाताळणाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. हे काम घरी करण्याचे नाही.

किरमिजी :

ठेवले. कुंडीत तुळस नव्हती याची खात्री करून घेतली आहे. उद्या नेते.

सुदामानगरकर :

जुन्या सेलचे काय करायचे? आमच्याकडे सकाळी येणाऱ्या कचरागाडीत टाकावा काय?

राजेंद्रनगर लोकल :

गाडीत टाकावा, परंतु ओल्या-सुक्याच्या कप्प्यात नव्हे. आपल्या इंदूरच्या गाड्यांवर ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तिथेच तो सेल द्यावा आणि देताना गाडीवरच्या माणसाला बॅटरी आहे असे तोंडाने सांगावे. त्याआधी दोन्ही तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळावी. सुक्या कचऱ्यात गेलेला सेल पुढे कागद आणि प्लॅस्टिकबरोबर दाबयंत्राखाली सापडतो आणि तिथे आग लागू शकते. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ पासून देशात स्वतंत्र नियम लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवरही टाकलेली आहे.

रालामंडळची चढण :

नवा सेल बसवणाऱ्यांसाठी एक राहिलेली गोष्ट : पहिल्या आठवड्यात टक्क्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. घड्याळाच्या डोक्यात अजून जुन्या सेलचा हिशेब असतो. एकदा शंभर टक्के भरून, नेहमीच्या वापरात जवळजवळ संपू देऊन, पुन्हा सलग भरावे. माझे घड्याळ पहिल्या दिवशी ६० टक्क्यांवरून थेट ३५ वर उतरले होते; दुसऱ्या फेरीनंतर ते सुरळीत झाले.

पोहणारी मावशी :

मी काल बॅटरी बदलली. मुलीने स्क्रू काढले, मी फीत सांभाळली. तीन तारांचाच सेल घेतला आणि दिशा मल्टिमीटरने तपासली. त्यानंतर आपण सांगितल्याप्रमाणे वाटीत तासभर ठेवून, ऊब देऊन काचेवर थेंब ठेवला. थेंब टिपल्यावर काचेच्या आतून, चाराच्या आकड्याच्या बाजूने, चंद्रकोरीएवढे धुके आले. मग झाकण पुन्हा उघडले, सगळे भाग अलग करून तांदळाऐवजी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवसांसाठी डब्यात ठेवले आणि भिंगातून कडे पाहिले. चाराच्या बाजूलाच, कडे आणि खाच यांच्यामध्ये, आमच्या मांजराचा एक पांढरा केस आडवा पडला होता.